शीर

आमच्या गावाचं नाव दिल्ली, पण म्हणायचं डेल-हाय.
ऑन्टारिओतली वाळूची जमीन. तंबाखूच्या भट्ट्या
आता एका अंगावर कलल्यात, डांबरी कागद सुटलेल्या;
एकीत तर शेजारचे व्हानहूव्ह हॉकीच्या काठ्या ठेवतात.

पा अजून बारा झाडं लावतात, गॅरेजच्या मागं.
शेंडा मोडतात, फुटवे खुडतात,
खालची पानं आधी उतरवतात.
हात काळे, चिकट;
कच्चा टोमॅटो चुरडून चोळल्याशिवाय निघत नाही ते.

भट्टी म्हणजे आमचा जुना फ्रिज,
गार करायचं विसरलेला.
आत एक दिवा, पाण्याची बादली,
लोण्याच्या कप्प्यात थर्मामीटर,
आणि आईच्या गोधडीच्या सुईनं
देठाशी ओवलेली पानं.

"घाई केली की पान हिरवंच वाळतं," ते सांगतात,
"हाताला कोरडं, पण आत काही घडलेलंच नसतं.
ओढलं तर गवत जाळल्यासारखं.
लगेच मरू द्यायचं नाही त्याला. उबेत, ओलाव्यात
उपाशी ठेवायचं.
मग ते स्वतःलाच खात बसतं, आणि गोड होतं."

चार दिवस, चार रात्री. काटा अडतिसाच्या वर नाही.
मला झोपेत ऐकू येतं: सपाता, दार,
फ्रिजचं रबर सुटल्याचा आवाज,
मग हुंगण्याएवढी शांतता.
सिगारेट सोडून त्यांना सहा वर्षं झाली.
मग कुणासाठी हे, विचारलं
तर म्हणतात, विजेचं बिल मी भरतो ना.

त्या सप्टेंबरात आई भांडी पुसत होती.
पांनी तिचा हात धरून खिडकीशी नेला,
उजेडात उलटा केला, सुलटा केला,
अंगठ्यानं शिरेच्या कडेकडेनं दाबून पाहिलं.
"काय रे सिरील? ओला आहे हात माझा."
"काही नाही, गोडलीव्ह," म्हणाले,
आणि गाडीची किल्ली शोधत सुटले
जी त्यांच्याच मुठीत होती.
डॉक्टरांना कळलं ते आठवड्यानं.

काल रात्री मी उठले. फ्रिज सताड उघडा,
गॅरेजभर तो पिवळा उजेड,
पा खुर्चीत, अंगात कोट, खाली पायजमा.
"शीर राहिलीय," म्हणाले. "ती सगळ्यात शेवटी वाळते.
वाकतेय तोवर आत पाणी.
कट्‌कन मोडली, की दिवा घालवायचा."

एक पान माझ्या कानाशी धरून
त्यांनी हळूच वाकवलं.

आवाज आला नाही.

"मग आता?"
"आता दार लाव. ऊब चाललीय."