टाकी

कळ्याच्या पुढं, जिथं गगनबावड्याचा रस्ता
उसाला वळसा घालून एकदम डावीकडं झुकतो,
तिथं मी डांबरावर गुडघे टेकून बसले आहे
आणि मागं शिकलगार लाल झेंडा धरून
ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खातो आहे.
दोन दोन ट्रॉल्या, वर घराएवढा ऊस,
एकाला थांबवलं की रांग पार बालिंग्याच्या पुलापर्यंत.

पाणी शिंपडायचं. लंबक सोडायचा.
त्याच्या टाचेला रबराचा तुकडा, टायरच्याच जातीचा.
तो रस्त्याला घासून पलीकडं जातो
आणि काटा सांगतो, रस्त्यानं त्याला किती धरलं.
पाच वेळा सोडायचा, पाच वेळा लिहायचं.
चाळीस. एकोणचाळीस. अडतीस. अडतीस. अडतीस.
पुस्तकात अशा वळणाला पासष्ट लागतात.

खड्डा नाही इथं. भेग नाही.
गाडीत पोटातलं पाणी हलत नाही.
लोक म्हणतात, काय रस्ता झालाय, लोण्यागत!
लोण्यागतच झालाय.

पिशवीत अकरा पंचनाम्यांच्या झेरॉक्स आहेत.
कारणाच्या रकान्यात अकराही वेळा
चालकाचा निष्काळजीपणा.
नववा दुधाच्या गाडीचा:
वैजनाथ खोत, वय चोवीस, पहाटे पाच दहा.
साक्षीदार गजराबाई पाथरुट, वळणावरच्या टपरीची मालकीण.
कॅन घरंगळत तिच्या दारात आले होते,
दूध चुलीपर्यंत.

"ब्रेक दाबला हुता त्यानं," ती म्हणते,
"म्या ऐकला की आवाज. पर रस्त्यानं धरलंच न्हाई त्याला."

मी समजवायला जाते:
वरचं डांबर झिजतं, खडी उघडी पडते,
दगड काळा, कठीण, पण चाकांखाली रोज घासून घासून
"मऊ पडतो," ती म्हणते. "धार जाती त्याची.
बाई, मला सांगतीस व्हय?"

तिनं तीस वर्षं पेठापेठांतून हाळी दिली आहे,
पाट्याला टाकी लावायची काऽ, जात्याला टाकी!
शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर, रविवारी कसबा बावडा.
पाटा मऊ झाला की मिरची नुसती सरकते,
वाटली जात नाही,
आणि बायका दोष देतात वरवंट्याला.
मग हिनं मांडी घालून बसायचं,
छिन्नी, हातोडी, टक टक टक,
दगडाच्या अंगावर देवीचे वण उठवत.
मिक्सर घराघरांत शिरला
तशी ती रस्त्याकडेला आली.

"आन् ह्येला कोण लावतं टाकी?"
चहा गाळता गाळता रस्त्याकडं हनुवटी करून.

कोणी नाही. आम्ही अहवाल लावतो.
गेल्या साली लावला होता: खडी बदला,
निदान वरचा थर खरवडून पुन्हा खरखरीत करा.
उत्तरादाखल आला एक फलक, वाहने सावकाश चालवा,
आणि जाड पांढरे पट्टे.
आज ओल्या पट्ट्यावरही लंबक सोडला.
एकतीस.

दुपारी शिकलगार डबा उघडून बांधावर बसला.
टपरीमागं गजराबाईचा स्वतःचा पाटा,
मिसळीचं वाटण अजून त्याच्यावरच,
परवाच टाकी लावलेला.
कुणाला सांगू नका, यंत्र सरकारी आहे.
पाटा धुतला, यंत्राचे पाय समपातळीला आणले,
पाणी शिंपडलं
आणि लंबक सोडला.
रबर अडखळलं, चर्रकन ओरडलं,
काटा अर्ध्यातच राहिला.
एकाहत्तर.

गजराबाई हसली नाही.
पदराला हात पुसत म्हणाली,
"लसणीचं पानी लागलं बघ तुझ्या रबराला."

तक्त्यात पाट्यासाठी रकाना नसतो.
समासात पेन्सिलनं लिहून ठेवलं, ७१,
पुढं काहीच नाही.
साळवणपर्यंत अजून चार वळणं बाकी होती.
प्रत्येक ठिकाणी लंबक खाली आला
की लसणीचा वास यायचा.