टँकचा काठ

परभणीत विद्यापीठाचा पारा पाचाच्या खाली गेला
की पेपरात गावाचं नाव पहिल्या पानावर येतं.
आम्हाला त्याचा उगाच थोडा अभिमान.
त्याच आठवड्यात आम्ही स्विमिंग टँकच्या काठाला
काँक्रीट टाकायला घेतलं.
मार्चच्या आत बिल निघायचं होतं,
थंडीला टेंडर वाचता येत नाही.

चाँदपाशा मिस्त्री म्हणाले,
दहाच्या आत पाटी उचलायची नाही.
खडी रात्रभर गारठा पिऊन बसलीय,
तिला आधी ऊन दाखवा.
बाभळीच्या फाट्यांवर ड्रमभर पाणी तापवलं:
अंघोळीइतकं, चहाइतकं नाही.

मग दोरी. मग नळीतलं पाणी डोळ्यासमोर धरून
फुटाला दोन सूत उतार,
टँककडे नाही, बाहेर.
पायाची माती पाण्यात कशाला?

एवढे काप कशाला, मी विचारलं.
नवीनच होतो, डिप्लोमाची शाई ओली.
ते लाकडी पट्टी ठोकत राहिले.
"हे फुटणारच, साहेब.
डिसेंबरात आखडतं, मे महिन्यात अंग टाकतं.
कुठं फुटायचं, तेवढं आपण आधी सांगून ठेवायचं."

आरशासारखं घोटलं नाही.
प्रयागबाईनं शिंदीची केरसुणी ओढली,
एका दमात, काठापासून कडेपर्यंत,
बारीक बारीक रेघा.
ओल्या तळव्याला धरायला काही तरी पाहिजे.
तिला पोहता येत नाही.
घसरणं माहीत आहे:
मागं नांदेडला, दुसऱ्या मजल्याची फळी,
डोक्यावर भरलेली पाटी.
त्यावर ती जास्त बोलत नाही.

सूर्य पाच-सव्वापाचलाच पिवळा पडला.
ताडपत्री अंथरली, वर रिकाम्या गोण्या,
वर सोयाबीनचं भूस.
तरी उथळ बाजूचा कोपरा उघडा राहिला,
शेवटी टाकलेला, अंगठा रुतेल असा.
त्याच्यावर नुसतं प्लास्टिक, तेही पातळ.
मी ठेकेदाराला फोन लावत होतो.
तो उचलत नव्हता.
प्रयागबाई पत्र्याच्या शेडमध्ये गेली
आणि वाकळ घेऊन आली,
सात-आठ जुन्या लुगड्यांची,
मधेच कुणाच्या तरी सदऱ्याची बाही.
खराब होईल, मी म्हणालो.
"धुता येती," ती म्हणाली.

रात्री दोनला बॅटरी घेऊन फेरी मारली.
तोंडातून वाफ, लोखंडी शिडीला हात लावायची सोय नाही.
वाकळीखाली बोटं घातली
आणि दचकलो.
कोमट.
कणकण आलेल्या लेकराच्या पाठीसारखं.
पुस्तकात वाचलं होतं, सिमेंट घट्ट होताना तापतं;
परीक्षेत दोन मार्कांना होतं.

फळीच्या पलीकडे, मातीवर,
तिची दोन्ही नातवंडं निजलेली,
पाय वाकळीच्या कडेखाली.
ती जागीच होती.
"लेकरं हितं निजले तं जमंल का, साहेब?"
मी म्हणालो, फळी हलवू नका.
याहून बरं काही सुचलं नाही.

मे महिन्यात टँक उघडला.
त्रेचाळीस डिग्री, दाराशी चपलांचा ढीग,
पळू नये अशी पाटी
आणि तिच्यासमोरूनच पळणारी पोरं.
कुणी घसरलं नाही.
चौथ्या कापात केसाएवढी चीर आली होती,
सरळ, सांगितलेल्या जागी.
मी नख फिरवून पाहिलं.

उथळ बाजूच्या कोपऱ्यात मात्र
केरसुणीच्या रेघा नाहीत.
तिथं धावदोऱ्याचे टाके उमटलेत,
ओळीनं,
आणि एका ठिकाणी शर्टाच्या बाहीची दुमड.
मोठ्या साहेबांनी बोट दाखवलं: हा दोष आहे.
मापवहीत मी लिहिलं:
कोपरा, पृष्ठभाग खडबडीत, पायाला धरतो, मान्य.
खाली सही केली.

प्रयागबाई तेव्हा जिंतूरकडं दुसऱ्या कामावर होती.
वाकळ धुऊन निघाली का, ते विचारायचं राहून गेलं.