या कानाचं त्या कानाला

माझा उजवा कान हॉलमध्ये असतो,
सहाशे माणसांबरोबर, घामात.
डाव्यावर हेडफोनची एकच वाटी,
तीही खांद्याने दाबून धरलेली,
कारण हात दोन आणि तबकड्याही दोन.
मान त्यामुळे कायमची वाकडी.

लोक नाचतायत ते आत्ताचं गाणं.
डाव्या कानात आहे ते अजून कुणाचंच नाही.
या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही
चाळीसेक सेकंद,
फार तर दोन मिनिटं.

वूच शहरातली ही कापडगिरणी.
आज जिथे बार आहे तिथे कांड्यांच्या पेट्या असायच्या,
असं आई सांगते.
आई, झेनोब्या, इथे बावीस वर्षं मागावर होती,
एकटी चार माग सांभाळायची,
आणि तिचे दोन्ही कान इथेच राहिले.

चूक आधी आवाज होऊन येत नाही.
दोन ढोल एकावर एक नीट बसलेले असतात, आणि मग
एकाला बारीकशी सावली पडते.
सावली जाड होत जाते.
मग घोडा, टकडक टकडक, फरसबंदीवरून.
तोवर पहिल्या रांगेतली पोरं
आपलेच पाय शोधायला लागलेली असतात.
म्हणून सावलीतच पकडायचं:
वेगाची पट्टी केसभर वर,
तबकडीच्या कडेला बोट,
पापणीवरचं कुसळ काढावं तितकंच.

झीगमुंटने मला पहिलं वर्षभर
हॉलचा आवाज चढवूच दिला नाही.
फक्त हेडफोन, रिकामी खोली, आणि तो समोर
अंडं सोलत बसलेला.
आता तो फरशा बसवतो. फोनवर म्हणाला,
काम तेच आहे गं, फटी बघायच्या.

फेब्रुवारीत एकदा मी घराची किल्ली विसरले.
आई आली रात्री दीडला, लोकरी टोपी घालून.
दारावरच्या पोराने तिच्याकडे ओळखपत्र मागितलं
म्हणून ती अजून खूश आहे.

या गोंगाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.
सगळे एकमेकांच्या कानात ओरडतात.
आम्ही दोघी मात्र निवांत बोलत होतो, आवाज न काढता.
गिरणीतल्या सगळ्याच बायका ओठ वाचायच्या,
आणि मी तर भाषा शिकले तीच तिच्या तोंडाकडे बघत.
वोदका एवढी महाग? ती म्हणाली.
महागच, मी म्हणाले.

मग तिने माझ्या मानेतला हेडफोन काढून घेतला.
कानाला नाही लावला. जबड्याच्या हाडावर टेकवला,
दुसरा तळवा टेबलावर, पसरून.
चेहरा असा, की दूध उतू जाणार आहे
आणि ते फक्त तिलाच ठाऊक.
माझ्या कानात अजून सावलीही नव्हती.
ती म्हणाली, दुसरा मागे पडतोय.

मी हेडफोन परत घेतला. ऐकलं.
चार ठोके, आठ, बारा.
सोळाव्याला आली सावली.

बोट लावलं. मग पट्टी सरकवली,
आणि हॉलमधल्या कुणालाच कळलं नाही
की गाणं बदललं.
कळलं नाही, हीच आमची टाळी.
आई तोवर निघून गेली होती,
किल्ली मिक्सरवर ठेवून.

सकाळी सहाला, उणे अकरा अंशांत,
लक्षात आलं, ती तळघराची किल्ली होती.
घंटा वाजवून उपयोग नव्हता. फोनचाही नाही.
मी उंबऱ्याशी उभी राहिले
आणि टाचेने जमिनीवर ठोके दिले, सावकाश,
तिच्या त्या चार मागांच्या चालीत, जशी मला आठवते तशी,
दोन्ही कानांत रात्रीची शिट्टी घेऊन.

दार उघडलं ते आधी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी.
त्या बरंच काही बोलल्या.
आई नंतर.