शेऱ्याचा रकाना

सावखेड्याच्या पांढरीवर
दुपारी बारानंतर कुदळ चालत नाही.
तापीवरून येणारा वारासुद्धा तव्यावरून उतरल्यासारखा.
मग निंबा भोई आणून देतो
सकाळचा माल, पाकिटांत, मातीसकट,
आणि मी शाळेच्या वऱ्हांड्यात
वडिलांचा काटा मांडून बसते.

वडिलांनी यात गुंजा तोलल्या,
मासे, तोळे,
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरची नजर न काढता.
मी तोलते शिशाची गोळी, तांब्याची सुरम्याची सळई,
अर्धा गळ,
ज्याच्या टोकाला मासा नाही, नदी नाही,
नुसता कळंक, पोपटाच्या पिलासारखा हिरवा.

‘आधी वाजवून बघ,’ म्हणायचे वडील,
‘मग बोल.’
पण हे वाजत नाही.
एवढ्या वर्षांत जमिनीने
आतला आवाज खाऊन टाकलाय.

नग. खड्डा. थर. खोली.
धातू. वजन. माप. काळ.
शेवटी शेरा, दोन बोटं रुंदीचा.
भदाणे सर म्हणतात, शेरा थोडक्यात,
गोष्टी नकोत.

नग ४१. शिशाचं नाणं. एका बाजूला हत्ती,
म्हणजे सोंड; बाकीचा हत्ती धरून चालायचा.
सातवाहन. झिजलेले.
नग ४२. तांब्याचं नाणं, फारुकी असावं,
कुणीतरी छिन्नीने बरोबर मधून कापलेलं.
मोड हवी असेल.
(‘मोड हवी असेल’ सरांनी खोडलं.)
नग ५७. पितळी बटण, भिल्ल पलटणीतल्या कुणाच्या डगल्याचं,
मागच्या कडीत अजून दोऱ्याचं टोक.
दोरा धातू नाही. दोऱ्याला रकाना नाही.
तो मी शेऱ्यात बसवला.

मंगळवारी ११८ आला.
एकच जोडवं, चांदीचं, चेपलेलं.
वरचा थर, नांगराने ढवळलेला.
मऊ ब्रशने माती काढली. तीन ग्रॅम वीस.
आतल्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका,
त्यावर काळ्या शाईने मुंगीएवढा आकडा.
काळाच्या रकान्यात पेन टेकवलं.
उचललं.

चाळणीवरची मथाबाई पाणी प्यायला आली होती.
तांब्या ओठांच्या वर धरलेला, धार सुरू,
आणि ती थांबली.
‘हाई मन्हं शे.’

चार वर्षांपूर्वी हे मिरचीचं वावर होतं.
निंदणीला आली होती. दिवस मावळेपर्यंत शोधलं.
घरी बोटाला चिंधी गुंडाळून वावरली,
ठेच लागली म्हणाली.
दुसऱ्या दिवशी जोडीचं दुसरं घेऊन आली,
पदराच्या गाठीत.
मी तेही काट्यावर ठेवलं. तीन ग्रॅम एकोणचाळीस.
मधला फरक
मातीला विचारायला हवा.

आत सोनाराचा छाप होता.
आमच्या दुकानाचा असेल असं क्षणभर वाटलं.
नव्हता.
चोपड्याकडचा कुणी.

दिलेला आकडा वहीतून काढता येत नाही.
सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
‘शेऱ्यात लिही काय ते.’

एकशे सतरा नगांपुढे माझं अक्षर आहे:
झिजलेले. तुटलेले. अपूर्ण. संशयित.
एवढ्या सगळ्यांतून
विचारायला कुणी आलेलं नाही.
एकशे अठरापुढे मी लिहिलं,
मालकीण सापडली. परत दिले.
खाली मथाबाईने सही केली, सावकाश,
‘म’ला शिरोरेघ द्यायची राहिली.

आकडा पुसून देते म्हटलं,
तर म्हणाली, ऱ्हाऊ दे,
आतल्या अंगाला आहे, कोण बघतं.
आणि आमच्या वहीतला एक आकडा
तिच्या बोटाला घासत
पांढरी उतरून
केळीच्या बागांकडे निघून गेला.

काळाचा रकाना कोराच ठेवलाय.
बुधवारी ११९.
खिळा. लोखंडी. वाकलेला.