दाराला लावलेली काच

तुर्कूत नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो,
म्हणून सभागृहातले दिवे उगाच जास्त वाटले.
मी टेबल एकोणीसवर, खांबामागे.
तिथून मंच अर्धाच दिसतो,
पण स्वयंपाकघराचं दार पूर्ण दिसतं,
आणि सॅमनची ताटं आधी आमच्याकडे येतात.

मंत्रीणबाई 'स्त्रियांचा एक आजार' म्हणाल्या,
मग 'तो आजार',
मग पान उलटलं.
अंडाशय हा शब्द त्यांच्या घशातून
वर येईना, खाली उतरेना.
शेजारच्या ओइलीनं
काळ्या पावाला लोणी लावता लावता
तो मोठ्यानं उच्चारला.
पुढची दोन टेबलं वळून बघायला लागली.
तिनं लोणी पुढे सरकवलं. हवंय?

ओइलीचं पोट तीन वर्षांपूर्वी फुगायला लागलं.
गॅस असेल, म्हणाले.
वय झालं, म्हणाले.
तिसऱ्या डॉक्टरनं हात ठेवला आणि
तो हात लगेच उचलला नाही,
तेव्हा मला कळलं, ती सांगते.
हा आजार ओरडत नाही.
सगळं पोटात ठेवतो,
आमच्या आयांसारखा.

मग तुइरेचं नाव पुकारलं.
तुइरे लेप्पॅनिएमी. निळा झगा,
खाली बर्फातले बूट, बदलायला विसरलेली.
तिचं भाषण चार वाक्यांचं.
तिसऱ्या वाक्यात तिनं फक्त एक आकडा वाचला.
चारशे सतरा.

लोकांना वाटलं, निधी असेल.
टाळ्यासुद्धा पडल्या एक-दोन.

चारशे सतरा मी कापला होता.
नखाएवढा तुकडा, मेणात बसवलेला.
एकतीस वर्षं मी हेच करते:
केसाच्या विसाव्या भागाइतका काप
पात्यावरून सुटताना श्वास धरायचा,
नाहीतर उडून जातो;
मग कोमट पाण्यावर सोडायचा,
तिथे तो साईसारखा पसरतो,
सुरकुत्या आपणहून सोडवत.
ब्रशनं काचेवर घ्यायचा. पुढचा.

नाव आम्हाला कळत नाही, तसा नियमच आहे.
संमतीपत्राच्या प्रतीवर
कुणीतरी जाड काळ्या पेननं तिला पुसून टाकलं होतं.
वय बावन्न, एवढंच राहिलं.
आणि समासात, पेन जिथे पोचलं नाही तिथे,
शिसपेन्सिलीची ओळ:
उरलं तर तेही घ्या.

तेही घेतलं.
मापात न बसणारा, बीजवाहिनीच्या झालरीचा तुकडा,
जो एरवी बादलीत गेला असता.
तुइरे त्याच्याकडे पाच आठवडे बघत राहिली.
झालरीच्या टोकाशी आठ पेशी,
रांग सोडून उभ्या.
मला तिनं बोलावून दाखवल्या.
मला काही कळलं नाही. मी म्हटलं, सुंदर आहेत.
ती म्हणाली, हिल्क्का, तोच तर घोळ आहे.

आता तिच्या हातात काचेचं एक जड पान होतं,
खाली सोनेरी अक्षरं.
फोटोवाल्यानं हसायला सांगितलं.
ती माझ्या खांबाकडे बघत होती.

दहा वाजता ती नाहीशी झाली.
पेशींना दर दोन दिवसांनी खायला लागतं,
शनिवार त्यांना कळत नाही.
ओइली म्हणाली, मला बघायचंय,
माझी तिथे कोण राहते ते.
म्हणून आम्ही दोघीही गेलो,
नदीकाठानं, घसरत, एकमेकींना धरून.

थंड खोलीचं दार आपोआप मिटतं,
कित्येक महिन्यांपासून तक्रार आहे.
तुइरेनं पान टेकवून ते उघडं ठेवलं होतं.
झग्यावर पांढरा कोट, तेच बूट,
आणि ती बशीमागून बशीत
गुलाबी पाणी बदलत होती.
ओइली उंबऱ्यावरच थांबली.
वाकून तिनं सोनेरी अक्षरं वाचली,
चष्मा नव्हता, म्हणून बोटानं.
मग विचारलं,
त्या बाईच्या घरी कुणी कळवलं का?

नियम नाही, तुइरे म्हणाली.
खूप वेळ नुसता पंख्याचा आवाज.

सोमवारी बाराशे आठ आला.
वय चौतीस.
समास कोरा.
मी पाणी बेचाळीस अंशांवर आणलं,
पातं बदललं,
आणि श्वास धरला.