मेरिदा, दुसरी

जन्मस्थान? मी विचारलं, वर न बघता.
खिडकी क्रमांक चार, पंखा बंद,
फॉर्मच्या कडा घामाने मऊ झालेल्या.
मेरिदा, ती म्हणाली.
माझ्या हाताने सवयीने पुढचंही लिहून टाकलं:
युकातान, मेक्सिको.

ती काही बोलली नाही.
शाई वाळेपर्यंत त्या दोन शब्दांकडे बघत राहिली,
परक्या दारात चपला काढून
कुणी उभं राहावं,
आतून हाक येतेय का ऐकत,
तशी.

मग म्हणाली, ही नाही. दुसरी.
व्हेनेझुएलातली.

योराइमा उस्कातेगी, वय एकेचाळीस.
पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची.
आता (हे लिहू नका, म्हणाली)
मक्याच्या भाकऱ्या विकते, तिकडच्यासारख्या जाड,
आणि इथली गिऱ्हाइकं रोज म्हणतात,
बाई, जरा पातळ थापा.

आमच्याकडे प्रत्येक गल्लीच्या टोकाला डोंगर.
पत्ता सांगायला वर आणि खाली एवढे दोनच शब्द पुरतात.
इथे साठ नंबरचा रस्ता, बासष्ट नंबरचा रस्ता,
सगळं पोळपाटासारखं सपाट.
आई फोनवर विचारते, मेरिदात पाऊस आहे का गं?
मी म्हणते, तूच सांग, मेरिदात तू आहेस.
आमचं हसू संपायच्या आत
तिकडची वीज जाते.

तिने मोबाइल काचेला लावून दाखवला.
हवामान: मेरिदा, चौदा अंश, धुकं.
बाहेर अडतीस होते.
बदलत नाही मी ते, ती म्हणाली,
आणि खरंच तिच्या खांद्यावर
एक पातळशी शाल होती.

मी तिला सांगितलं नाही
की तिसरीही आहे, स्पेनमध्ये, सगळ्यांत थोरली.
तिकडून आलेल्यांनी इथले रचलेले दगड पाहिले,
त्यांना घर आठवलं,
आणि घराचं नाव त्यांनी
दुसऱ्याच्या अंगणात रोवलं.
दगड आमचे होते. ते फोडून चर्च बांधलं.
घराची आठवण काय काय करायला लावते माणसाला.

माझी आई अजून मेरिदा म्हणत नाही.
गुरुवारी मोतुलच्या थांब्यावर लिंबांची पाटी घेऊन
ड्रायव्हरला आमच्या बोलीत विचारते,
हो?
गावाचं जुनं नाव एवढंच आहे. हो.
अर्थ विचाराल तर पाच.
कसले पाच, ते दाखवायला आता शिल्लक नाहीत.
तोही म्हणतो, हो,
आणि गाडी सुटते.

नवा फॉर्म काढला. नीट लिहिला. शिक्का मारला.
चुकलेला फाडणार, तोच ती म्हणाली,
तो मला द्याल?
असं देता येत नाही.
दिला.
तिने चार घड्या घातल्या
आणि पिठाच्या पिशवीत, अगदी तळाशी, सरकवला.

मागे रांग खोकत होती.
तुम्ही इथलेच का, जाता जाता तिने विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं.
आई म्हणते ते.