दोनशे चौदा वेढे

चौकट पाण्याच्या पांढऱ्या पाइपांची, पुरुषभर उंच.
तार मात्र माझी:
अठ्ठावीस नंबरची, लाखेची,
कारखाना बंद झाला त्या आठवड्यात
थकल्या पगारापोटी उचलून आणलेलं एक रीळ.

अमीनभाई म्हणाले, दोनशे वेढे पुरे, हेमलताबेन.
मी चौदा जास्त दिले.
तेहतीस वर्षं मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळले,
शेवटच्या थराला हात आखडणाऱ्या बायका
मला कधी आवडल्या नाहीत.

रात्री अडीचला निघालो.
ते स्कूटरवर, मी मागे,
चौकट माझ्या डोक्यावरून, मखरासारखी.
दांडिया बाजारातून जाताना
जावेने खिडकीतून पाहिलं असणार.
पाहू दे.

सिंधरोटच्या पुढे महीची कोतरं. आपण घळ म्हणतो.
विजेचा खांब दिसणार नाही अशी जागा
दीड वर्ष शोधली होती त्यांनी.
खांब दिसत नाही, एवढंच.

इतक्या खालच्या पट्टीत, ते सांगत होते,
ना बातम्या, ना बाजारभाव.
हजार कोसांवर वीज पडली
की तिचा शिंतोडा इथवर येतो.
आणि नशीब असेल तर शीळ:
पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाहून आलेली,
वरून खाली घसरत विझणारी.
अकरा वर्षांत एकदाही ऐकलेली नाही.
आपल्या अक्षांशाला ती सहसा उतरत नाही,
हेही त्यांनीच सांगितलं,
थर्मासचं झाकण फिरवत.

हेडफोन एकच. एक कान त्यांचा, एक माझा.
आधी आला तोच.
घूंऽऽऽ
पन्नास, शंभर, दीडशे,
पायरीपायरीने वर चढणारा.
कचरा, म्हणाले अमीनभाई. सगळा लाइनचा कचरा.

मी गप्प राहिले.
टेस्टिंगच्या टेबलाशी कान नेऊन मी सांगायचे,
हा नीट बसलाय,
ह्याच्या गाभ्याची पत्ती सैल आहे, परत पाठवा.
मग कोणी भरूचला जायचा, कोणी वापीला,
कोणी गोध्र्याकडे पाण्याच्या पंपावर.
रात्रपाळीला आहेत तर सगळे, मनात आलं.

चारच्या सुमाराला
नदीपलीकडचे दिवे गेले.
घूं गेला.

रविवारीसुद्धा तो असायचा कानात.
हे गेले त्या दुपारीसुद्धा होता.

आणि मागे जे होतं ते उघडं पडलं:
कुणीतरी वाळक्या शेंगांवरून
न थांबता चालतंय.
मध्येच, टिंव्.

माझा उजवा पाय दाबला गेला.
खाली नुसती वाळू. पेडल कुठलं?
पण आवाज अगदी तोच,
ताणावरची तार वेढ्यात तुटते तेव्हाचा.
मशीन थांबव, टोकं शोध,
लाख खरवड, पीळ दे, डाग दे,
वर कागदाची पट्टी.
पायाला कोणी कळवलंच नव्हतं
कारखाना बंद झाल्याचं.

ट्वीक, ते कुजबुजले.
जमीन आणि आभाळ यांच्या फटीतून
आपटत आपटत आलेली वीज. बंगालकडची असेल.
पुन्हा टिंव्. पुन्हा पाय.
इतक्या तारा तुटतायत कुणाच्या रात्रभर,
आणि सांधायला कोण बसलंय?

शीळ आली नाही.
पावणेपाचला दिवे आले, घूं आला,
अमीनभाईंनी कपाळाला हात लावला
आणि आपला कान काढून घेतला.
मी दोन्ही कानांवर नीट बसवून
आणखी जरा ऐकलं.
दुसरी पायरी किंचित कापरी होती.

त्यांची वही आखीव आहे.
तारीख, वेळ. ट्वीक सदतीस. शीळ शून्य.
शेऱ्याचा रकाना ते रिकामा सोडतात.
मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं:
पलीकडच्या काठाला एक आहे. कुठला, माहीत नाही.
पत्ती आवळून घ्यावी.